वानखेडेबाईंची ओसरी

जानेवारी महिना. बाहेर बर्फाचे ढीग, श्वास नाकातच गोठेल अशी थंडी, आणि आमच्या समोरच्या घराचं गॅरेज सताड उघडं. आत मोटार नाही. मोटारीच्या जागी चार घडीच्या खुर्च्या, एक विजेची शेगडी, आणि एका खुर्चीत अंगात कोट, कोटावर शाल, डोक्याला माकडटोपी, साडीखाली बर्फातले बूट अशी एक बाई मांडीवर पुस्तक घेऊन एकटीच खदाखदा हसते आहे.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मुलीकडे राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी खिडकीतनं बघितलं आणि घाबरून हाक मारली, "नीता, अगं समोरच्या बाईला घराबाहेर काढलंय बघ कुणीतरी!"

"नाही गं आई. त्या वानखेडेबाई. त्या तशाच बसतात."

"गॅरेजात?"

"गॅरेज म्हणू नकोस हं त्यांच्यासमोर. ओसरी म्हणायचं."

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ॲन आर्बरमध्ये मराठी माणसं कमी नव्हती, पण सगळी आपापल्या बंद दारांमागे. शनिवार-रविवारी आधी फोन करून, वेळ ठरवून भेटायचं. वानखेडेबाईंना ते मंजूर नव्हतं. त्या मूळच्या नागपूरच्या. लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग अमेरिकेत आल्या त्या थेट अलाबामातल्या एका एवढ्याशा गावात. यजमान तिथं काळ्या मुलांसाठी काढलेल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. बाई पुढं तिथल्याच दवाखान्यात नर्स झाल्या. यजमान वारल्यावर मुलानं, मिलिंदनं, त्यांना आपल्याकडे मिशिगनला आणलं. इथं आल्या आल्या बाईंनी घर बघितलं आणि विचारलं म्हणे, "ओसरी कुठं हाये?"

त्यांच्या गावात प्रत्येक घराला पुढं लाकडी ओसरी. संध्याकाळी माणसं तिथं येऊन बसणार आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून आजारपणाची, पिकापाण्याची, मेल्याजगल्याची चौकशी केल्याशिवाय पुढं जायचं नाही. इथं पुढच्या बाजूला नुसतं एक दार, आणि तेही बंद. "ओसरी नसलेलं घर म्हणजे ओठ नसलेलं तोंड," बाई म्हणायच्या. म्हणून त्यांनी मिलिंदची मोटार रस्त्यावर काढली आणि गॅरेजचं शटर वर केलं ते केलंच.

येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, जुन्या सामानाची विक्री मांडली आहे. एकदा एक गोरी बाई आत येऊन शेगडीची किंमत विचारायला लागली. वानखेडेबाईंनी तिला बसवलं, आलं घातलेला चहा पाजला, तिच्या सासूच्या गुडघ्यांची साद्यंत चौकशी केली, आणि शेगडी काही दिली नाही. ती बाई पुढं दर महिन्याला सासूची खबर द्यायला यायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटीत शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. बाईंनी ती हुंगली, मान डोलावली आणि पहिला प्रश्न टाकला, "तुमच्याकडं मयतीच्या घरी काय नेते जी?"

ना नाव, ना गाव! मी गडबडून म्हटलं, "पिठलं-भाकरी. कराडकडं शेजारपाजारचे देतात आणून. त्या घरी चूल पेटत नाही ना."

"मंग तुम्ही माझ्या पुस्तकातल्याच हाये. बसा."

पुस्तकं म्हणजे कुठली, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लेखकांनी लिहिलेल्या हसवणाऱ्या कादंबऱ्या. आता मी सातवी शिकलेली बाई. दक्षिणेकडचं म्हटल्यावर मला मद्रासपलीकडं काही सुचेना. इंग्रजी माझं टीव्हीवरनं आणि लायब्ररीत परदेशी बायकांसाठी फुकटचा वर्ग चालायचा तिथनं उचललेलं. पण वानखेडेबाई ती पुस्तकं समोर धरून, इंग्रजी ओळीवरनं बोट फिरवत, तोंडानं थेट नागपुरी मराठीत सांगायच्या. त्यात अलाबामातल्या म्हाताऱ्या एकमेकींना "काऊन वं, लई दिवसांनी दिसून राहिली?" असं विचारायच्या. मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. उलट पुढं मूळ इंग्रजी वाचलं तेव्हाच त्या बायका इंग्रजीत का बोलतायत असं वाटलं.

"या पुस्तकात एवढं काय आहे हो?" मी एकदा विचारलं.

"मी सांगते ना. न्यूयॉर्ककडच्या पुस्तकात माणूस खिडकीपाशी एकटाच उभा राहते आन् पाच पानं विचार करते. मले काळजी वाटते, बाप्पा, याले कोणी जेवाले बोलावून नाही राहिलं का! आमच्या पुस्तकात माणसाले विचार कराले सोडतच नाही. विचार सुरू केला का मावशी आलीच भांडं घेऊन."

"आणि?"

"आन् तिथं कोणी सरळ बोलत नाही. घराले आग लागली एवढंच सांगाचं असन, तरी आधी त्या घरच्या बाईचं माहेर, मंग तिच्या बहिणीचं मोडलेलं लग्न, मंग त्या लग्नात खराब झालेली बासुंदी, मंग आग."

"तोवर घर जळतं की!"

"जळते. पन कोणाचं जळलं हे तर नीट समजते."

कराडला माझी आत्या असंच बोलायची. मी तिला आयुष्यभर फापटपसारा म्हणत आले. असल्या बोलण्यावर पुस्तकं निघतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या ओसरीवर तिसऱ्या आल्या त्या लेलेडॉक्टर. भूलतज्ज्ञ होत्या, फार पूर्वी अमेरिकेत आलेल्यांपैकी. आता निवृत्त, एकट्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात घेता घेता, तो आपल्याकडचा ठेवणीतला प्रश्न विचारला. "वानखेडे म्हणजे... मूळचे कुठले?"

मी शेगडीकडं बघायला लागले. वानखेडेबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "नागपूरचे. बुद्धविहाराच्या मागची गल्ली. आम्ही बौद्ध. आता तुम्ही साखर किती घेता ते सांगा, म्हणजे दोन्हीकडची माहिती पुरी होते."

लेलेडॉक्टरांचा चेहरा लालेलाल. "तसं नव्हतं हो म्हणायचं मला."

"रागावू नका. मी अलाबामाले गेली ना, त पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचे लोक कोण? यजमानाले म्हटलं, इमानात बसून एवढ्या दूर आलो, आन् हा प्रश्न आपल्या आधीच येऊन बसला!" आणि स्वतःच हसायला लागल्या. "या पुस्तकातही पहिल्या पानावर हाच प्रश्न राहते. पन तिथं शेवटी विचारणाऱ्याचीच फजिती होते. म्हणून त मले आवडते."

आता या बाई परत येत नाहीत, असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी लेलेडॉक्टर हजर. स्वतःची उशी घेऊन. साखर दोन चमचे, हेही त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

खुर्च्या चार आणि आम्ही तिघी. लेलेडॉक्टरांनी आपली पर्स चौथ्या खुर्चीवर ठेवली, तर वानखेडेबाईंनी ती अलगद उचलून त्यांच्या मांडीवर दिली. "ती आल्यागेल्याची हाये."

"पण कोण येतंय एवढ्या थंडीत?"

"येते कोणी."

बाईंचं हे अलाबामाचं वळण मिशिगनमध्ये कुठं कुठं अडखळायचं. त्यांच्या गावात एखाद्या घरासमोर गाड्यांची रांग लागली की समजायचं, तिथं कुणीतरी गेलं. मग काही न विचारता भांडं घेऊन निघायचं. इथं एका शनिवारी त्यांनी बघितलं, कोपऱ्यावरच्या घरापुढं गाड्याच गाड्या. हिरवळीवरसुद्धा चढवलेल्या. बाईंनी तासाभरात मक्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी केली, पांढरी साडी नेसल्या आणि गेल्या. दार उघडलं तर आत पंधरा-वीस तरणीताठी मुलं, तोंडं निळ्या-पिवळ्या रंगानं माखलेली, माना खाली घालून बसलेली. बाईंना वाटलं, इथं रंग लावून सुतक पाळत असतील. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "फार वाईट झालं."

"हो मॅडम, फारच वाईट," सगळी मुलं एका सुरात म्हणाली. एकाच्या तर डोळ्यांत पाणी.

"अचानक गेलं का?"

"शेवटच्या मिनिटाला, मॅडम."

बाईंनी प्रत्येकाच्या पाठीवरनं हात फिरवला, सगळ्यांना पोटभर वाढलं, भांडं घासून घेतलं आणि घरी आल्या. युनिव्हर्सिटीची टीम फुटबॉलची मॅच हरली होती, हे त्यांना मिलिंदकडनं संध्याकाळी कळलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "दुःख त होतंच ना पोरांले. भाजी काही वाया नाही गेली."

पण या सगळ्यावर कडी करणारी बाईंची खोड म्हणजे, त्या कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नसत. कपात एक घोट चहा राहणारच. ताटात एक घास राहणारच. स्वेटर विणला तर एक बाही राहिलेली. मिलिंदच्या कपाटात एका बाहीचे तीन स्वेटर होते. आणि पुस्तक? शेवटचा भाग आला की पानात लोकरीचा धागा घालायचा आणि मिटायचं. "राहू द्या. उद्याले ठेवा."

तो उद्या कधी यायचा नाही. पुढच्या वेळी नवं पुस्तक. एका पुस्तकात पळून गेलेली नवरी गाढवावर बसून चर्चच्या दारापर्यंत आली होती, ती अजून तिथंच आहे. लेलेडॉक्टर चिडायच्या. "अहो, मी माणसांना भूल दिली, पण शुद्धीवरही आणलं! तुम्ही नुसतीच भूल देता."

माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र एक पुस्तक असं निघालं की आम्ही दोघी पार अडकलो. हॅटीबाई आणि व्हेराबाई या दोन म्हाताऱ्या बहिणी. एकाच घरात राहायच्या आणि एकमेकींशी एक अक्षर बोलायच्या नाहीत. का, तर चर्चच्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात व्हेराबाईनं हॅटीबाईच्या केकचं प्रमाण स्वतःच्या नावानं छापलं. तेव्हापासून ओसरीच्या मधोमध खडूची रेघ. इकडं ही, तिकडं ती.

आणि या दोघींच्या मध्ये जा-ये करणारा मिस्टर डेव्ही.

हा डेव्ही म्हणजे हडकुळा, उंच, डोक्यावर हॅट, कुत्र्यांना भयंकर भिणारा. सगळ्या गावात मोकळी कुत्री. म्हणून हा खिशात बिस्किटं घेऊन हिंडायचा आणि प्रत्येक कुत्र्याला बिस्किट देऊन, हॅट उचलून म्हणायचा, "गुड ईव्हनिंग, सर." माणसांना एखादे वेळी विसरेल, कुत्र्याला नाही. बेसूर गायचा. ओळख असो-नसो, प्रत्येक मयतीला जायचा, कारण "मेलेल्या माणसाले काय वाटन, कोणीच नाही आलं म्हून?" हॅटीबाईचा तिखट निरोप व्हेराबाईकडं नेताना तो वाटेत त्यात थोडी साखर घालायचा. "ती म्हणे, तुले सर्दी झाली का?" असलं काहीतरी. मुळात तिनं म्हटलेलं असायचं, हिचं नाक कापलं पाहिजे.

आम्ही त्या डेव्हीच्या इतक्या नादी लागलो की विचारू नका. मध्ये एका रविवारी डेव्हीला खोकला झाला. बुधवारी लेलेडॉक्टरांचा माझ्या घरी फोन. "इंदूताई, त्या डेव्हीला अँटिबायोटिक दिलं का हो कुणी? छातीत उतरायचा."

"मला काय ठाऊक? मी त्याच दिवसापर्यंत ऐकलंय, तुम्हीही तिथवरच."

"लेखकाला काही कळत नाही. असा ओल्या बुटांनी हिंडवतो त्याला!"

आणि मग बातमी आली. मिलिंदला ॲरिझोनात, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. मार्चमध्ये बिऱ्हाड हलणार. बाईंनी ते आम्हाला चहा गाळता गाळता सांगितलं, दुधाचा भाव सांगावा तसं. "तिकडं म्हणते थंडी नाही. पन सावलीही नाही. ओसरीवर बसाचं त बसाचं कशात?"

लेलेडॉक्टर चष्मा पुसायला लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "ते काही नाही. जायच्या आधी हे पुस्तक संपवायचं. त्या बहिणी बोलतात की नाही, आणि डेव्हीचं पुढं काय होतं, हे कळल्याशिवाय मी तुम्हाला विमानात चढू देणार नाही."

"उद्याले ठेवा," बाई म्हणाल्या.

"आता उद्या-बिद्या काही चालणार नाही!"

त्यानंतर पुस्तकाची गत काय झाली सांगू? चाल मंदावली. बहिणी दिसेनाशाच झाल्या. एका रविवारी डेव्ही लिंबू आणायला निघाला तो शेवटपर्यंत दुकानात पोचलाच नाही. वाटेत त्याला अकरा माणसं भेटली, आठ कुत्री भेटली, प्रत्येकाची सुखदुःखं. पुढच्या रविवारी दुकानात पोचला, तर कुठलं लिंबू घ्यावं यात दिवस मावळला. आम्ही हसून हसून शेगडीवर कोसळायच्या बेतात. पण बाईंकडं बघितलं की कळायचं, पान काही उलटत नाहीये. बोट एकाच ओळीवर.

मग फेब्रुवारीत बाईंनाच खोकला झाला. अंथरुणावर पडल्या. लायब्ररीची मुदत संपत होती म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडं दिलं, "तारीख वाढवून आना. आन् धागा नका काढू."

मी तारीख वाढवून आणली. धागा काढला नाही. पण पुस्तक उशाशी, बाहेर बर्फ, नीता कामावर. मला राहवेना. डिक्शनरी घेतली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसले.

पहिले दोन दिवस डेव्ही आला नाही. म्हटलं, येईल. बहिणी होत्या, केक होता, खडूची रेघ होती. निरोप मात्र कोण पोचवत होतं, तर पाद्र्याची बायको. कुत्रं सगळ्या पुस्तकात एकच, तेही म्हातारं, त्याला कुणी गुड ईव्हनिंग घालत नव्हतं. मला वाटलं, माझंच इंग्रजी तोकडं. परत पहिल्यापासून बघितलं. मग वाटलं, लायब्ररीच्या प्रतीतली पानं गळली असतील. पानांवरचे आकडे तपासले, सगळी जागच्या जागी. लिंबाचं नाव नाही, खोकल्याचं नाव नाही. मिस्टर डेव्ही नावाचा माणूस त्या पुस्तकात नव्हताच.

मला राग आला नाही, खरं सांगते. नवल वाटलं. बाईंनी एवढा अख्खा माणूस आणला कुठनं?

त्याच आठवड्यात मिलिंद मला भारतीय वाण्याच्या दुकानात घेऊन गेला. त्याला आईसाठी मेथी न्यायची होती, आणि मी एकटी कशी जाणार, म्हणून मला बसवलं गाडीत. गुणी पोरगा. अलाबामात वाढलेला, त्यामुळं मराठी निम्मी इंग्रजीत, पण मावशी म्हणायचा तोंडभरून. दुकानात मी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा उचलला तर तो एकदम हसला.

"मावशी, हे पाहिलं की मला बाबाच आठवतात."

"आवडायची का त्यांना?"

"नो, नो! बाबांना नाही, कुत्र्यांना. बाबा कुत्र्यांना टेरिबली घाबरायचे. कॉलेजला चालत जायचे ना, आणि सगळ्या रस्त्यावर कुत्री. सो, खिशात बिस्किटं. आणि हॅट काढून प्रत्येकाला 'गुड मॉर्निंग, सर'. संध्याकाळी 'गुड ईव्हनिंग, सर'. आय वॉज सो एम्बॅरस्ड!"

पुडा माझ्या हातातच राहिला.

गाडीत बसल्यावर तो आपणहून बोलत राहिला. बाई अलाबामाला गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पहिलं वर्षभर दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. नुसत्या रडायच्या. मग देवराव, म्हणजे मिलिंदचे बाबा, कॉलेजच्या लायब्ररीतनं तिकडच्या हसण्याच्या कादंबऱ्या आणायला लागले. रोज संध्याकाळी ओसरीवर खुर्च्या टाकायच्या आणि बायकोला त्या नागपुरीत सांगायच्या. "बाबा म्हणायचे, तू बाहेर जात नाहीस ना, मग मी बाहेरची माणसं इथं आणून बसवतो. आणि एंडिंग कधी सांगायचे नाहीत. उद्याले ठेवू म्हणायचे. म्हणजे आई उद्या परत ओसरीवर येणार. ही वॉज अ स्मार्ट मॅन, मावशी."

"हो रे बाबा," मी म्हटलं. मेथीच्या जुडीकडं बघत बसले.

मार्चमधला तो शेवटचा रविवार. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. गॅरेजात खोक्यांची चळत, सगळं बांधून झालेलं. चार खुर्च्या आणि शेगडी तेवढी बाहेर. वानखेडेबाई खोकल्यातनं उठल्या होत्या, पण आवाज बसलेला. पुस्तक मांडीवर. लोकरीचा धागा शेवटच्या भागापाशी.

"चला," लेलेडॉक्टर म्हणाल्या. "आज शेवट."

"घसा बसला माझा. उद्याले..."

"उद्या तुम्ही विमानात असाल. पुस्तक आज लायब्ररीत परत जाणार. अहो, मी हिवाळाभर त्या डेव्हीसाठी जीव टांगून बसलेय!" आणि हात पुढं करून, अगदी मायेनं म्हणाल्या, "घसा बसलाय ना? द्या इकडं. मी वाचते."

लेलेडॉक्टरांचं इंग्रजी म्हणजे काय विचारता! पान उघडायचा अवकाश, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असतं. वानखेडेबाईंचा हात पुस्तकावर घट्ट बसला. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिल्या.

"मी वाचणार," मी म्हटलं.

दोघींनीही माझ्याकडं बघितलं. "तुम्ही?" लेलेडॉक्टर म्हणाल्या. "इंदूताई, संध्याकाळ होईल."

"होऊ द्या. फुकटचा वर्ग केला तो कशाला?" आणि मी पुस्तक बाईंच्या हाताखालनं ओढूनच घेतलं. त्यांनी सोडलं. मी ते छातीपाशी धरलं, लेलेडॉक्टरांना दिसू नये असं, आणि सुरुवात केली.

बहिणींचं होतं ते छापल्याप्रमाणंच वाचलं. हॅटीबाईचा वाढदिवस. व्हेराबाई रेघेपर्यंत येते, केकची बशी रेघेवर ठेवते आणि मागं सरते. हॅटीबाई बराच वेळ बशीकडं बघते, मग एक तुकडा तोडते, चावते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बहिणीशी बोलते, "साखर कमी हाये." त्यावर व्हेराबाई म्हणते, "तुझ्याच मापानं केला."

लेलेडॉक्टरांनी नाक शिंकरलं. "आणि डेव्ही?"

मी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत पाद्र्याची बायको येत होती.

"तेवढ्यात फाटक वाजलं," मी वाचलं. "मिस्टर डेव्ही आला. हातात लिंबू. मागं गावातली सगळी कुत्री. पायरीशी आल्यावर त्यानं हॅट काढली, उजव्या खिशात हात घातला आणि बिस्किट..."

"डाव्या."

वानखेडेबाईंनी डोळे मिटलेले होते. आवाज बसलेला, जेमतेम ऐकू येईल असा. "बिस्किट डाव्या खिशात. उजव्यात रुमाल राहते त्याचा."

मी चष्मा वर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं. "हो की. डाव्याच. माझी ओळ चुकली."

लेलेडॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं. उशी सारखी केली.

"डाव्या खिशातनं बिस्किट काढून त्यानं कुत्र्याला दिलं. गुड ईव्हनिंग, सर, म्हणाला. मग वर आला. ओसरीवर एक खुर्ची रिकामी होती. त्याच्यासाठीच ठेवलेली. तो बसला. म्हणाला, आज थंडी कमी आहे. बायका म्हणाल्या, हो."

मी थांबले. पुढं एकच पान उरलं होतं. रस्त्यावरनं वितळलेलं पाणी झुळझुळ वाहत होतं.

"मग?" लेलेडॉक्टर हळूच म्हणाल्या. "पुढं?"

मी धागा पानात घातला आणि पुस्तक मिटलं. "राहू द्या, डॉक्टर. उद्याले ठेवा."

वानखेडेबाईंनी डोळे उघडले. आपला कप उचलला. तळाशी एक घोट राहिला होता, गार झालेला. तो त्यांनी तसाच ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. तीन खुर्च्या त्यात गेल्या. चौथी बाईंनी स्वतः उचलून रस्त्यापलीकडं माझ्याकडं आणली. "वाळवंटात काय कराची? तुम्ही ठेवा. आल्यागेल्याले लागते."

आता नीताची मोटार रस्त्यावर असते. पहिल्यांदा नीता कुरकुरली, मग तिला सवय झाली. थंडी असो, ऊन असो, शटर वर असतं. लोक येऊन खुर्चीची किंमत विचारतात. मी चहा देते. चँडलरहून बाईंचा फोन येतो. तिथं त्यांनी म्हणे निवडुंगाच्या सावलीत ओसरी मांडली आहे, एक गुजराथी बाई ऐकायला येते. आणि आमच्या लेलेडॉक्टर दर रविवारी इथं येतात. बाईंच्या खुर्चीला मी आणखी तीन जोडल्या. खुर्च्या चार, आम्ही दोघीच. दोन रिकाम्या असतात, पण पर्स मात्र त्या मांडीवरच ठेवतात.